पिकअपवरचा १२ व्होल्ट कॉम्प्रेसर आणि इम्पॅक्ट गन: सगळा खेळ प्रेशर स्विचचा

ब्रेकडाउनसाठी फिरणाऱ्या पिकअपवर कॉम्प्रेसर बसवायचा म्हटलं की पहिला प्रश्न असतो, "कितीचा घेऊ?" खरं तर १२ व्होल्टचा कुठलाही कॉम्प्रेसर चाकाचे नट खोलणाऱ्या हवेच्या अर्धा इंची इम्पॅक्ट गनला थेट पुरत नाही. ट्रिगर दाबून धरला की गन मिनिटाला ५५०-६०० लिटर हवा खाते, म्हणजे सेकंदाला जवळपास १० लिटर. बऱ्या १२ व्होल्टच्या कॉम्प्रेसरने १०० पीएसआयच्या आसपास मिनिटाला ५० लिटर दिले तरी खूप. गन चालते ती टाकीतल्या साठ्यावर, आणि त्यातला किती साठा कामाचा हे टाकीतलं प्रेशर पाहून कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा प्रेशर स्विच ठरवतो.

हिशोब २० लिटरच्या टाकीचा करू. गनला ९० पीएसआय लागतं. स्विच १४५ ला कॉम्प्रेसर बंद करणारा असेल तर १४५ ते ९० या ५५ पीएसआयच्या उतरणीत टाकीतून सुमारे ७५ लिटर हवा मिळते. ट्रिगरचे सात-साडेसात सेकंद. त्याच टाकीवर ८५ ला चालू आणि १०५ ला बंद होणारा स्वस्त स्विच लावला, तर ९० च्या वर मिळतात फक्त २० लिटर, म्हणजे दोन सेकंद. शिवाय कॉम्प्रेसर जागा होतो तेव्हा गन आधीच ढिली पडलेली असते. म्हणून ११० ला चालू, १४५ ला बंद असा स्विच घ्या. कॉम्प्रेसर १५० पीएसआयचा असला पाहिजे. सेफ्टी व्हॉल्व्ह १६५ ते १७५ चा, आणि टाकीवर छापलेलं कामाचं प्रेशर त्याहून कमी नको. फ्रिजच्या गॅसचं सिलिंडर किंवा जुनं अग्निशामक नळकांडं टाकी म्हणून वापरू नका.

वायरिंग

बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात ४० अँपिअरचा फ्यूज, तिथून रिलेची (छोट्या करंटवर मोठा करंट जोडणारा स्विच) ३० नंबरची पिन, ८७ नंबरच्या पिनमधून कॉम्प्रेसर. रिले ७० अँपिअरचा घ्या. हॉर्नचा ३० अँपिअरवाला सुरुवातीच्या झटक्याने चिकटतो आणि मग डॅशबोर्डचं बटण बंद केलं तरी कॉम्प्रेसर थांबत नाही. प्रेशर स्विच मोटरच्या लाइनमध्ये घालायचा नाही. तो रिलेच्या कॉइलवर: इग्निशनचा प्लस, ३ अँपिअरचा फ्यूज, डॅशबोर्डचं बटण, प्रेशर स्विच, रिलेचा ८६, आणि ८५ अर्थला. स्विचमधून अर्धा अँपिअरही जात नाही, त्यामुळे त्याचे पॉइंट जळत नाहीत.

केबलमध्ये कंजुषी नको. बॅटरी पुढे आणि कॉम्प्रेसर हौद्याखाली, म्हणजे जाऊन-येऊन १० मीटर सहज होतात. ३० अँपिअर ओढताना ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल १.३ व्होल्ट खाते, १० स्क्वेअर एमएमची अर्धा व्होल्ट. मोटरला कमी व्होल्ट मिळाले की ती हळू फिरते, तापते आणि दाबाखाली सुरूच होत नाही. केबलच्या टोकाचं थिंबल हातोडीने ठेचू नका, क्रिम्पिंगच्या पक्कडीनेच दाबा. बॅटरीच्या मायनसवर सेन्सर असेल तर अर्थ थेट बॅटरीच्या खांबावर न देता चॅसीवर द्या, नाहीतर गाडीच्या कॉम्प्युटरला हा खर्च दिसतच नाही.

इंजिन बंद असताना कॉम्प्रेसर चालू नये म्हणून इग्निशनच्या प्लसऐवजी व्होल्टेज पाहणारा रिले जोडतात, जो १३.३ ला जोडतो आणि १२.८ ला सोडतो. चांगली सोय, पण एक गोची आहे: आयडलिंगला अल्टरनेटर कमी देतो, व्होल्टेज १२.८ खाली घसरतं, कॉम्प्रेसर थांबतो, व्होल्टेज चढतं, परत सुरू. रिले टकटक करत राहतो. तेव्हा काम चालू असताना इंजिन १२००-१५०० आरपीएमवर ठेवा. जुन्या मेकॅनिकल डिझेल पंपाच्या इंजिनला हँड थ्रॉटलची केबल टाकता येते. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेली बीएस-६ गाडी मात्र तासन्‌तास उभ्या-उभ्या चालवली तर फिल्टरमध्ये काजळी भरते, हे ध्यानात ठेवा.

हवेची लाइन

क्रम असा: कॉम्प्रेसर, त्याचाच जाळीदार स्टीलचा होस, एनआरव्ही (हवा उलटी येऊ न देणारा व्हॉल्व्ह), टाकी, रेग्युलेटर, ऑइलर (हवेतून गनला तेल देणारा), कपलर. पहिल्या होसच्या जागी प्लास्टिकची नळी टाकू नका, हेडमधून निघणारी हवा तिला वितळवते. स्विचला अनलोडर (कॉम्प्रेसर बंद होताना हेडवरचा दाब सोडणारा व्हॉल्व्ह) असेल तर त्याची बारीक नळी कॉम्प्रेसर आणि एनआरव्हीच्या मधल्या भागाला जोडायची, टाकीला नाही.

अनलोडरचा आवाज ऐकायची सवय ठेवा. कॉम्प्रेसर बंद होताना "फुस्स" असा आवाज येऊन सेकंदा-दोन सेकंदांत थांबला पाहिजे. सूं-सूं चालूच राहिली तर एनआरव्हीत कचरा अडकलाय आणि टाकीतली हवा उलटी येतेय. आवाजच आला नाही आणि पुढच्या वेळी मोटर नुसती घुं करून फ्यूज उडाला, तर हेडवर दाब तसाच राहिलाय. फ्यूज मोठा टाकून हा रोग बरा होत नाही, मोटर जळते.

फिटिंग घेताना चूड्या बघा. आपल्या बाजारात ब्रिटिश मापाचं बीएसपी सर्रास मिळतं, पण अमेरिकी मापाच्या टाक्या आणि कॉम्प्रेसर एनपीटीत येतात. पाव इंची फिटिंगमध्ये बीएसपीच्या इंचाला १९ चूड्या, एनपीटीच्या १८. दोन-तीन वेढे छान बसतात, मग घट्ट होतं, आणि कितीही टेफलॉन गुंडाळलं तरी गळतं. जोडणी झाली की १४५ पर्यंत भरून साबणाचं पाणी लावा. तासाभरात ५ पीएसआयपेक्षा जास्त उतरलं तर गळती शोधा.

गन ढिली वाटली की लोक रेग्युलेटर पिळतात. त्याआधी गनच्या तोंडाशी टी लावून गेज बसवा आणि ट्रिगर दाबलेला असताना वाचा. टाकीत १२० आणि गनपाशी ६० दिसलं तर दोष होसमध्ये आहे. बाहेरून ८ एमएमची निळी पीयू नळी आतून जेमतेम ५ एमएम असते, त्यातून गनचं पोट भरत नाही. आतून १० एमएमचा होस आणि तशाच भोकाचा कपलर लावा.

काम करताना

पाच नटांचं चाक एका दमात खोलायला जाऊ नका. दोन-तीन नट, मग टाकी ९० वरून १४५ वर यायला दीड मिनिट. गंजलेला नट आधी लांब पान्याने हलवला तर बरीच हवा वाचते. बसवताना गनने फक्त हलके टेकवा, शेवटचा ताण टॉर्क रेंचने. गोटी (सॉकेट) काळी, इम्पॅक्टचीच. क्रोमची तडकून उडते. चष्मा घाला.

कॉम्प्रेसरवर ड्यूटी सायकल ३३ टक्के लिहिली असेल तर दहा मिनिटं चालवून वीस मिनिटं विश्रांती, आणि विदर्भातल्या मे महिन्यात त्याहूनही कमी. डाय ग्राइंडर, सँडर ही सतत हवा खाणारी हत्यारं या सेटअपवर चालवायची नाहीत.

टाकीचं पाणी रोज संध्याकाळी काढा, पावसाळ्यात दोनदा. हवा शोषायचा फिल्टर नळी जोडून उंच न्या, हौद्याखाली धूळ आणि चिखल दोन्ही मिळतात.

एअर ब्रेकच्या ट्रकवर हे सगळं वेगळं. तिथे ब्रेकच्या टाकीला टी मारायची नाही. हवा घ्यायची ती प्रोटेक्शन व्हॉल्व्हच्या ऑक्झिलरी आउटलेटवरून. ट्रकच्या एअर ब्रेकच्या अनलोडरला टायर भरायचा निपल असतो, पण टाक्या पूर्ण भरलेल्या असताना त्यातून हवा येत नाही. चाकांना ओट (अडसर) लावून ब्रेक पाच-सहा वेळा दाबा, प्रेशर उतरून कॉम्प्रेसर भरायला लागला की निपलला हवा येते.