पोरांच्या फुटबॉल बॅचची तयारी

कोल्हापुरात उन्हाळ्याच्या सुट्टीत १०-१२ वर्षांच्या पोरांची बॅच घेणार असाल, तर बॉल आणि कोन गोळा करायच्या आधी पालकांची बैठक ठरवा. आई-वडील दोघांनाही बोलवा, आणि पोराला ग्राउंडवर आजोबा सोडणार असतील तर त्यांनाही. इथली कितीतरी घरं शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, शिवाजी, दिलबहार अशा आपापल्या संघासाठी घसा फोडत आली आहेत. त्या ईर्षेवरच इथलं फुटबॉल जगलंय. पण तीच ईर्षा लहानांच्या मॅचला टचलाइनवर, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेवर, उभी राहिली, की पायात बॉल येताच पोरगं आधी बापाकडे बघतं आणि स्वतः विचार करणं सोडून देतं. म्हणून बैठकीत स्पष्ट सांगा: टाळ्या वाजवा, नाव घेऊन ओरडा, पण ‘पास दे’, ‘मार की’ असलं काही नको. रेफरीला तर एक शब्दही नको. प्रत्येक पोराला प्रत्येक मॅचमध्ये किमान अर्धा वेळ खेळवणार, हे लेखी द्या आणि फायनललाही पाळा. तक्रार असेल तर मॅच संपल्या संपल्या नाही, दुसऱ्या दिवशी सरावानंतर भेटायचं. घरी जाताना गाडीवर मॅचचा विषय पोरानं काढला तरच बोलायचं, ही विनंती मी दोनदा करतो.

अनिकेत जाधवचं नाव कुणीतरी काढेलच. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला तो कोल्हापूरचाच, अभिमान वाटणारच. मात्र या बॅचमधून ‘पुढचा अनिकेत’ देतो असं वचन कुणालाही देऊ नका.

फॉर्मवर दोन फोन नंबर, दमा किंवा ॲलर्जी असल्यास तशी नोंद, आणि सोबत जन्मदाखल्याची झेरॉक्स. मूळ दाखला डोळ्यांनी बघा. वय चोरून गल्लीतली ट्रॉफी मिळेल, पण पुढे वयोगटाच्या राष्ट्रीय स्पर्धांत मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय तपासतात, आणि त्यात बदनामी पोराची होते.

बॉल ४ नंबरचा घ्या. घरात असतो तो ५ नंबरचा या वयाला मोठा आणि जड पडतो. दोघांत एक तरी बॉल हवा, नाहीतर निम्मा वेळ रांगेत जातो. पंप, सुई, बिब (टीम ओळखायला शर्टावर घालायची रंगीत बंडी), शिनपॅड (नडगीला मार लागू नये म्हणून लावायचे) ठरलेलेच. कडं, बाळी, गळ्यातली साखळी घरीच ठेवायला सांगा. टेप लावून झाकलेलंही नियमात चालत नाही.

मे महिन्यात सकाळी आठच्या आत सराव संपवा, आणि पाणी मागायची वाट न बघता पाजा. बर्फ, क्रेप बँडेज, ओआरएस जवळ असू द्या. डोक्याला मार लागून पोरगं गोंधळलं, त्याला गरगरलं किंवा उलटी झाली, तर त्या दिवशी परत खेळवायचं नाही, थेट डॉक्टरांकडे न्यायचं. तो ‘मी बराय, सर’ म्हणेल, बापही तसंच म्हणेल. तरीही नाही.

पहिल्याच दिवशी चार-चारच्या टीम करून छोट्या गोलांवर खेळवा, लेक्चर नको. आणि सराव सुटल्यावर शेवटच्या पोराला न्यायला घरचं माणूस येईपर्यंत तुमच्याबरोबर आणखी एक मोठं माणूस थांबायला हवं. त्या पोरासोबत एकट्यानं थांबायचं नाही. कोणत्या दिवशी कोण थांबणार, हे बैठकीतच पालकांमध्ये वाटून घ्या.