राउटर पिंग होतो, कंट्रोलर दिसत नाहीत

वडोदऱ्यात मकरपुऱ्याच्या कारखान्यात एसीचं बॅकनेट (एसीचे कंट्रोलर एकमेकांशी बोलतात ते जाळं) वाढवताना हमखास होणारी चूक: जुन्या राउटरचा बॅकअप नव्यात तसाच चढवतात. आयपी बदलतात, पण एमएस/टीपी (कंट्रोलर जोडणारी तारांची लाइन) बाजूचा नेटवर्क नंबर दोन्ही राउटरवर २००१ राहतो. मग कंट्रोलर कधी दिसतात, कधी गायब. आणि लोक केबल उकरत बसतात!

वायरशार्कमध्ये (नेटवर्कवरचे संदेश दाखवणारं सॉफ्टवेअर) यूडीपी ४७८०८ चा फिल्टर लावा आणि बॅकनेटच्या टूलमधून ‘हू-इज-राउटर-टू-नेटवर्क’ (या नेटवर्कचा राउटर कोण?) पाठवा. २००१ साठी दोन आयपींवरून उत्तर आलं, की चोर सापडला. एमएस/टीपीच्या प्रत्येक लाइनला वेगळा नंबर द्या (१ ते ६५५३४). आयपी बाजूला मात्र उलट, तिथे सगळ्या राउटरवर एकच नंबर हवा.

तरीही एखादाच कंट्रोलर गायब? सगळीकडे मॅक्स मास्टर (कितव्या पत्त्यापर्यंत शोधायचं ती मर्यादा) ३१ आणि त्याचा पत्ता ४० असेल, तर त्याला टोकन (बोलायची पाळी) मिळतच नाही.