हार्डबॉइल्ड कादंबरीचं कॉमिक करताय? मग या चुका टाळा

हार्डबॉइल्ड म्हणजे रांगडी, रोखठोक गुन्हेकथा. तिचं कॉमिक करताना सगळ्यात कॉमन चूक म्हणजे कॅप्शनचा (चित्रावरच्या निवेदनाच्या पट्टीचा) मारा. कादंबरीत डिटेक्टिव्ह स्वतःच बोलत असतो, त्याची वाक्यं इतकी भारी असतात की एकही सोडवत नाही, मग प्रत्येक पॅनलच्या (चौकटीच्या) डोक्यावर पिवळी पट्टी, आणि खाली चित्रात तेच जे पट्टीत लिहिलंय. कॅप्शनवर अंगठा ठेवून पान वाचून बघा, सगळं कळलं तर ती पट्टी उडवा सरळ.

कॉमिक-चित्रकार डार्विन कुकने रिचर्ड स्टार्कच्या (हे डोनाल्ड वेस्टलेकचं टोपणनाव) 1962 च्या 'द हंटर'चं 2009 मध्ये कॉमिक केलं ते बघा. सुरवातीची कितीतरी पानं जवळपास मुकी आहेत, कादंबरीचा हिरो पार्कर पूल ओलांडून न्यूयॉर्कमध्ये शिरतो आणि त्याचा चेहरासुद्धा लगेच दिसत नाही, बायाबाप्ये त्याच्याकडे कसे बघतात त्यावरूनच माणूस कळतो. आणि कुकने त्याला कुठेही गोड केलेला नाही, ही दुसरी चूक बरेच जण करतात, हिरोला उगाच एक दुखरा भूतकाळ चिकटवतात. अरे तो चोर आहे, राहू दे ना चोर!

तिसरी गोष्ट, नुआर (गुन्हेकथांची ती काळोखी शैली) म्हणजे पाऊस, हॅट आणि पानभर काळी शाई नव्हे. कुकने काळ्यासोबत फक्त एक निळसर छटा वापरली, तर फ्रान्समध्ये चित्रकार तार्दीने लेखक लेओ मालेच्या नेस्तोर बुर्मा या डिटेक्टिव्हच्या गोष्टी काढताना पॅरिसचे खरे रस्ते, खरे पूल काढले. जागा खरी वाटली की भीती आपोआप येते.

सगळा प्लॉट कोंबायलाही जाऊ नका. कुकने पार्करच्या मालिकेतली दुसरी अख्खी कादंबरी 24 पानांत उरकली, कारण त्याला तिसऱ्या कादंबरीकडे जायचं होतं.

हक्कांचं म्हणाल तर भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं कॉपीराइट चालतो, म्हणजे हार्डबॉइल्ड लिहिणारे चँडलर (मृत्यू 1959) आणि हॅमेट (1961) इथे मोकळे झालेत, वेस्टलेक मात्र 2008 च्या शेवटच्या दिवशी गेला त्यामुळे तिकडे परवानगीशिवाय हात लावू नका.

आणि मराठीत करणार असाल तर संवादांचे फुगे आधीच मोठे काढा, वरच्या मात्रा नि खालचे उकार जास्तीची उंची खातात, नाहीतर शेवटी अक्षर बारीक करत बसावं लागतं.