फोनमधल्या कॉन्टॅक्टखाली लिहिलेलं बाहेर कसं जातं, आणि ते कसं थांबवायचं

‘कॉन्टॅक्ट सुरक्षित ठेवायचेत? फोनला लॉक लावा,’ हा सल्ला ऐकून कान किटले. लॉक चोरासाठी असतं. माहिती जाते ती अ‍ॅपला आपणच दिलेल्या परवानगीतून आणि आपणच पाठवलेल्या कॉन्टॅक्ट कार्डातून, म्हणजे एखाद्याच्या नंबरासकट अख्ख्या नोंदीतून.

परवानग्या आधी उरका. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये ‘परमिशन मॅनेजर’, त्यात ‘कॉन्टॅक्ट्स’. टॉर्च, गेम, कर्जाची अ‍ॅप्स सगळी बंद. कर्जाच्या अ‍ॅपने तुमची यादी बघायचीच नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच बजावलंय. मात्र परवानगी काढली म्हणून आधी गेलेली यादी परत येत नाही. ती त्या अ‍ॅपच्या आत ‘अपलोड केलेले कॉन्टॅक्ट्स’ शोधून पुसावी लागते.

खरं काम ‘नोट्स’च्या रकान्याचं. सदाशिव पेठेतल्या मावशीच्या नंबरखाली मी लिहून ठेवलं होतं, ‘किल्ली कुंडीखाली, २ ते ५ घरी कोणी नाही.’ शेगडी दुरुस्त करणाऱ्याला तिचा नंबर हवा होता, मी शेअर दाबून अख्खं कार्ड धाडलं. तासाभराने त्याचा फोन, ‘ताई, किल्ली कुंडीखालून घेऊ का?’ माणूस सज्जन म्हणून निभावलं. तेव्हापासून कोणालाही कार्ड पाठवत नाही. नंबर कॉपी करून मेसेजमध्ये टाकते.

एकेक नाव उघडून नोट्स शोधत बसू नका, तिसऱ्या दिवशी सोडून द्याल. कॉम्प्युटरवर गूगल कॉन्टॅक्ट्स उघडा, ‘एक्सपोर्ट’मधून सीएसव्ही फाईल (साध्या तक्त्याची फाईल) घ्या, एक्सेलमध्ये उघडा. नोट्सचा अख्खा कॉलम समोर येतो. माझ्यात तीन एटीएम पिन आणि बाबांचा आधार क्रमांक निघाला. पिन डोक्यात ठेवा, पासवर्ड ‘पासवर्ड मॅनेजर’मध्ये, म्हणजे पासवर्ड कुलूपबंद ठेवणाऱ्या अ‍ॅपमध्ये.

मग गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये जाऊन त्या नोट्स पुसल्या. मी अडले ते पुढे. पुसलेली नोट फोनवर पुन्हा दिसायची. कारण तीच नोंद माझ्या दुसऱ्या जीमेल खात्यातही होती, आणि फोन दोन्ही एकत्र करून दाखवत होता. म्हणून प्रत्येक खातं वेगळं उघडून साफ करा, फोनच्या मेमरीतल्या नोंदीही बघा. अख्खी नोंद काढली असेल तर गूगलचं ‘बिन’ही रिकामं करा, तिथे ती ३० दिवस राहते. आणि ती सीएसव्ही फाईल! कोणीही उघडून वाचू शकेल अशी असते. डाऊनलोडमधून आणि रिसायकल बिनमधूनही लगेच काढा.

जुना फोन पुण्यातल्या तपकीर गल्लीत विकायला नेण्याआधी फॅक्टरी रिसेट, म्हणजे फोन पूर्ण कोरा करा. भाड्याच्या गाडीला ब्लूटूथ जोडलं असेल, तर उतरताना गाडीच्या स्क्रीनवरून आपला फोन काढून टाका.