वाऱ्यात मॉडेल विमान उडवण्याआधी: कोकण किनाऱ्यावरील नवशिक्याची तयारी

तयारीची सुरुवात वेळ ठरवण्यापासून करावी. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, ऊन चढू लागले की तो पडतो, आणि दुपार होण्याआधीच खारा वारा सुरू होऊन तीन-चार वाजेपर्यंत वाढत जातो. या दोन वाऱ्यांच्या मधला सकाळचा निवांत काळ नवशिक्याने पहिल्या उड्डाणांसाठी राखून ठेवावा. संध्याकाळी वेळ सोयीची वाटते खरी, परंतु खाऱ्या वाऱ्याला सामोरे उभे राहायचे म्हणजे मावळत्या सूर्याकडे तोंड करावे लागते आणि विमान उन्हात दिसेनासे होते. पावसाळ्यात बेत आखूच नये.

जागा निवडताना पुळणीपेक्षा (वाळूच्या किनाऱ्यापेक्षा) सडा, म्हणजे जांभ्या खडकाचे उघडे पठार बरे, असे माझे मत आहे. पुळणीवर एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला सुरूचे बन, त्यामुळे मोटर बंद पडली की विमान वाऱ्यानुसार यांपैकी एकीकडे जाणार हे जवळजवळ ठरलेलेच. शिवाय झाडांच्या आडोशाला वारा मंद झाल्यासारखा भासला, तरी तिथे हवेचे भोवरे असतात. रत्नागिरी-राजापूरकडच्या जांभ्याच्या सड्यावर मोकळी जागा मिळते; मात्र कड्याच्या धारेजवळ वारा वर उसळतो, म्हणून धारेपासून बरेच आत उभे राहावे आणि उतरण्यासाठी गवताचा पट्टा आधीच पाहून ठेवावा, कारण जांभा विमानाच्या फोमच्या अंगाला सोलून काढतो. जागा पक्की करण्यापूर्वी ड्रोन नियम, 2021 नुसार ठरवलेल्या लाल, पिवळ्या आणि हिरव्या क्षेत्रांचा नकाशा पाहावा. रत्नागिरी आणि चिपी (सिंधुदुर्ग) येथील विमानतळांच्या परिसरात तर हे विसरूच नये.

आदल्या रात्री बॅटऱ्या चार्ज कराव्यात. तीन सेलची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी पूर्ण भरल्यावर 12.6 व्होल्ट दाखवते. बॅटरी जागेवर बसवून विमान पंखांखाली दोन बोटांच्या टोकांवर तोलून पाहावे आणि पुस्तिकेत दिलेल्या बिंदूवर नाक किंचित खाली झुकते याची खात्री करावी, कारण शेपटीकडे जड असलेले विमान झोतात सावरत नाही. प्रोपेलर काढून ठेवून मोटर सुरू करावी, मग रिमोट बंद करून ती आपोआप थांबते का ते तपासावे. सर्वो (झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरी) यांचे स्क्रू आणि एलरॉनच्या, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेवरील झडपांच्या बिजागऱ्या यांवरून एकदा हात फिरवणे पुरेसे आहे.

मैदानावर पोचल्यावर लगेच विमान जोडू नये. काठीला रिबन बांधून ती दहा मिनिटे पाहावी. सरासरी वाऱ्यापेक्षा झोत केवढा येतो हे महत्त्वाचे असते. ताशी 12 ते 19 किलोमीटरच्या वाऱ्यात पाने व बारीक डहाळ्या सतत हलतात आणि समुद्रावर तुरळक पांढरा फेस दिसतो. एवढ्या वाऱ्यात शिकवणारा शेजारी असेल तरच उडवावे. धूळ आणि कागद उडू लागले, लाटांवर जागोजागी फेस आला की वारा 20 च्या पुढे गेला असे समजून विमान पेटीतच ठेवावे.

उड्डाणाचा आराखडा हवेत जाण्यापूर्वी मनात पक्का असावा. विमान वाऱ्याच्या तोंडावर सोडावे, सदैव आपल्यापेक्षा वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे वारा जिकडून येतो त्या बाजूला ठेवावे आणि वाऱ्याच्या तोंडावरच उतरवावे. ताशी 35 किलोमीटरने उडणारे विमान 20 च्या वाऱ्याविरुद्ध जमिनीच्या हिशेबाने 15 नेच सरकते, पण वळून वाऱ्याबरोबर आले की 55 ने पळते. हा वेग पाहून नवशिक्या घाबरून थ्रॉटल (मोटरचा जोर) कमी करतो आणि नाक वर उचलण्यासाठी एलिव्हेटर (शेपटीची झडप) ओढतो, तेव्हा पंखांवरून वाहणारी हवा अपुरी पडून विमान कोसळते. म्हणून वळणे उंचावर आणि रुंद घ्यावीत. वाऱ्याशी झुंजताना बॅटरी लवकर संपते. टायमर पाच मिनिटांवर लावावा आणि तो वाजताच परतावे.

घरी आल्यावर मोटर, सर्वो आणि जोडण्या गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसून कोरड्या कराव्यात आणि उरलेल्या बॅटऱ्या प्रति सेल 3.8 व्होल्टवर आणून ठेवाव्यात.