स्वस्त मऊ गोल्फ बॉल तपासताय? या चुका टाळा

सराफ्यातला माझा शाळेतला दोस्त एकेक बॉल काट्यावर ठेवत होता आणि मी वहीत आकडे उतरवत होतो. 45.31, 45.28, 45.36... सातव्या बॉलला तो थांबला. उचलला, पुन्हा ठेवला.

"हे हलकं लागायलंय की रे. 44.71. भेसळ दिसती." मग हळूच, "अन् घडणावळ किती लावली त्यानं?"

बांगड्या बघायला बसलेल्या दोन मावशी खळखळून हसल्या. मी मात्र मनातून ओशाळलो होतो, कारण हेच बारा बॉल आदल्या रात्री मी घरी ओट्यावरच्या वजनकाट्यावर मोजले होते आणि सगळे बरोब्बर 45 ग्रॅम भरले होते. बावीस वर्षं वाळूजच्या कारखान्यात क्वालिटीत काढली. दुसऱ्यांचे पार्ट रिजेक्ट करताना आधी मापाचं लीस्ट काउंट, म्हणजे ते लहानात लहान किती फरक दाखवतं, हे विचारणारा माणूस मी, आणि स्वतःच्या घरी एक ग्रॅम लीस्ट काउंटच्या काट्यावर विसंबलो. फरक असतो ग्रॅमच्या काही दशांशांचा. तो त्या काट्याला दिसणार कुठून?

आमच्यासारख्या महिन्यातून एखाद्या रविवारी पुण्याला येरवड्याच्या गोल्फ मैदानावर जाऊन खेळणाऱ्यांना, आणि एरवी संभाजीनगरात गच्चीवर जाळी बांधून सराव करणाऱ्यांना, व्यावसायिक खेळाडू वापरतात ते महागडे टूर बॉल परवडत नाहीत. तेवढ्या पैशांत स्वस्त मऊ बॉलचे दोन-अडीच डझन येतात. त्यामुळे 'हे बॉल चांगले आहेत का' हा प्रश्न सारखा येतो. माझा अनुभव असा की त्यांची सरासरी बहुधा ठीक असते, खोट असते ती डझनातल्या एखाद-दुसऱ्या बॉलमध्ये. आणि आपण तपासतो अशा पद्धतीनं की नेमका तोच निसटतो, वर चांगल्यावर मात्र ठपका बसतो.

तर आधी वजन. 0.01 ग्रॅम दाखवणारा छोटा काटा ऑनलाइन मिळतो, नाहीतर ओळखीचा सराफ गाठा. त्याच्या काट्यावर वैधमापनवाल्यांचा शिक्का असतो. बारा बॉल मोजण्याआधी एकच बॉल पाच वेळा मोजा. त्यातच 0.05 चा झोल येत असेल तर पुढचे आकडे लिहू नका. डोक्यावरचा पंखा बंद करा, नुसत्या वाऱ्यानंही काटा नाचतो. बॉलवर मार्करनं 1 ते 12 नंबर घाला. कंपनीच्या छापील नंबरावर जाऊ नका, कारण एका स्लीव्हमधल्या, म्हणजे तीन बॉलच्या छोट्या खोक्यातल्या, तिन्ही बॉलवर सहसा एकच नंबर असतो, आणि टेबलावरून एकदा घरंगळले की कोण कुठला ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. खोक्यावर 'कंफर्मिंग' (नियमात बसणारा) लिहिलंय म्हणजे आतले सगळे एकसारखे, असं लोक धरून चालतात. यूएसजीए आणि आर अँड ए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या दोन संस्था मान्यताप्राप्त बॉलची यादी दर महिन्याला काढतात. नियम म्हणतो: वजन 45.93 ग्रॅमच्या वर नको, व्यास 42.67 मिलिमीटरच्या खाली नको. वजन किमान किती हवं, व्यास कमाल किती चालेल, यावर नियम गप्प आहे. म्हणजे माझा 44.71 चा सात नंबर वजनाच्या नियमात अगदी व्यवस्थित बसतो. हलका बॉल हवेत लवकर वेग गमावतो, डझनातल्या भावंडांच्या तोलामोलाचा राहत नाही, पण त्याची फिकीर नियमाला नाही. एका डझनातल्या बॉलांनी एकमेकांसारखं असावं ही अपेक्षा आपली, नियमाची नाही.

व्हर्नियरनं फसू नका

व्यासाच्या बाबतीत तर मी चांगल्या बॉलवर अन्याय करून बसलो होतो. व्हर्नियर लावला, 42.5 आलं. दुसरीकडून लावला, 42.7. झालं, 'गोल नाही' म्हणून शेरा मारला. मग डोकं जागेवर आलं. बॉलवर तीन-चारशे खळगे असतात, एकेक साधारण चार मिलिमीटर रुंद. व्हर्नियरचा सपाट जबडा खळग्याच्या मध्यावर आला की तो खळग्याच्या काठावर टेकतो, आणि तो काठ बॉलच्या खऱ्या गोलाईपेक्षा जवळजवळ 0.1 मिलिमीटर आत असतो. दोन्ही बाजूंना खळगा आला की 0.2 गेलंच. जबड्याच्या टोकाची पातळ धार थेट खळग्यात शिरली तर त्याहून जास्त. शिवाय मऊ बॉल, आणि आपला अंगठा व्हर्नियरवर दाब देतोच.

म्हणून संस्थांची पद्धत व्हर्नियरची नाहीच. 42.67 मिलिमीटरची एक रिंग घेतात, त्यावर बॉल ठेवतात, आणि तो नुसत्या स्वतःच्या वजनानं खाली पडतो का ते बघतात. शंभर वेगवेगळ्या स्थितींत ठेवून 25 पेक्षा कमी वेळा पडला तर पास. आणि हे 23 अंश तापमानाला, एक अंश इकडेतिकडे. म्हणजे आपल्या कारखान्याच्या भाषेत साधा गो-नो गो गेज, आकडा न सांगता नुसतं पास की नापास सांगणारा. टूलरूममधल्या एका पोराला चहा पाजून मी तशी रिंग ग्राइंड करून घेतली. शंभर वेळा नाही, वीस वेळा ठेवतो. तेवढ्यानं कल्पना येते. पण एप्रिलमध्ये गच्चीवरून आणलेला तापलेला बॉल लगेच रिंगवर ठेवू नका, रबर उष्णतेनं फुगतं आणि 'मोठा बॉल' पास होऊन जातो. रात्रभर एकाच खोलीत बॉल आणि रिंग शेजारी ठेवा, सकाळी मोजा.

मऊपणा बोटांनी कळत नाही

बॉल अंगठ्यानं दाबून 'हा मऊ, तो कडक' सांगणारे भेटतात. एक जण तर दातानं चावून सांगायचा. कैरी आहे का ती?

काही खोक्यांवर जो कॉम्प्रेशनचा आकडा असतो, मऊ बॉलला ढोबळ मानानं तिशीपासून साठीपर्यंत आणि टूर बॉलला ऐंशी-नव्वदच्या आसपास, तो ठरावीक भाराखाली बॉल किती दबतो यावरून काढलेला असतो. पण यंत्र आणि पद्धत कंपनीगणिक वेगळी, आणि नियमात कॉम्प्रेशनवर मर्यादाच नाही. त्यामुळे एका कंपनीचा 40 आणि दुसरीचा 50 शेजारी ठेवून 'दहाचा फरक' म्हणणं म्हणजे मण आणि क्विंटल एकाच वहीत बेरजेला घेणं.

आपण एकाच डझनातले बॉल एकमेकांशी मात्र ताडून बघू शकतो. आमच्याकडे स्प्रिंग टेस्टर होता, भार आणि दबणं दोन्ही दाखवणारा. सुरुवातीला मी शून्यापासून भार देत होतो आणि तोच बॉल दर वेळी वेगळा येत होता. जपानी कंपन्यांच्या पेटंटांत पद्धत दिलेली असते: आधी 10 किलो भार, तिथे डायल शून्य, मग 130 किलोपर्यंत न्यायचं आणि मधलं दबणं मोजायचं. त्या पहिल्या दहा किलोत बॉल नीट बसतो, खळग्याबिळग्याचा खेळ संपतो. हे केल्यावर आकडे शहाण्यासारखे वागायला लागले. एकेक बॉल तीन दिशांनी मोजा आणि मध्ये त्याला विसावा द्या.

आणि मऊ म्हणजे ग्रीनवर, खड्ड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, पटकन थांबणारा, हेही डोक्यातून काढा. स्वस्त मऊ बॉलमध्ये मऊ असतो तो आतला पॉलिब्युटाडाईन रबरचा गाभा. वरचं कवच बहुधा आयोनोमर प्लॅस्टिकचं, सर्लिन जातीचं, टणक. टूर बॉलचं कवच युरेथेनचं असतं, ते वेजच्या, म्हणजे जवळच्या फटक्यांच्या क्लबच्या (काठीच्या), खाचांना धरतं म्हणून फिरकी मिळते. ग्रीनजवळून छोटा फटका, म्हणजे चिप, मारल्यावर बॉल पुढे पळाला तर क्वालिटीच्या नावानं बोटं मोडू नका, तो त्याच्या जातीप्रमाणे वागला.

मिठाच्या बादलीतली गडबड

ही तपासणी सगळ्यांची लाडकी. मिठाच्या पाण्यात बॉल तरंगवायचा, फिरवायचा, आणि दर वेळी मार्करनं खूण केलेला तोच ठिपका वर येतो का बघायचं. येत असेल तर एक बाजू जड. याचं कारण कारखान्यात असतं: गाभा साच्यात पिनांवर तोलून धरतात, भोवती कवचाचं प्लॅस्टिक इंजेक्ट करतात, आणि प्लॅस्टिक घट्ट व्हायच्या आत पिना मागे घेतात. ती वेळ चुकली की गाभा एका अंगाला सरकतो, कवच एकीकडे जाड, दुसरीकडे पातळ. वाळूजला मोल्डिंग बघितलेल्या कुणालाही हे सांगावं लागणार नाही.

पण लोक मूठभर मीठ टाकतात आणि बॉल बुडाला की 'पाणी खराब' म्हणतात. बॉलची घनता 1.1 ते 1.13 च्या घरात असते, त्याला उचलायला लिटरभर पाण्यात 250 ग्रॅम तरी मीठ लागतं. आमच्या हिनं बादलीकडे बघून विचारलं, "लोणचं घालायलात का बॉलांचं?" मीठ पूर्ण विरघळू द्या, पाणी गढूळ असलं तर फडक्यातून गाळा. पाण्यात भांडी घासायच्या द्रावणाचा एकच थेंब टाका आणि बॉल बोटांनी चोळून घ्या. खळग्यांत हवेचे बुडबुडे अडकले की ते त्या बाजूला वर उचलतात आणि निर्दोष बॉल वाकडा ठरतो. हा थेंब मला सहा महिने उशिरा सुचला. तोवर किती बॉल उगाच बाद केले असतील, मोजायची हिंमत नाही.

आणखी एक. अगदी चांगला बॉलही शेवटी कुठेतरी स्थिरावतोच. ठिपका दर वेळी झपकन पलटून वर येतो की रेंगाळत, कधी इथे कधी तिथे, हे पाहायचं. पाचांपैकी पाच वेळा तोच ठिपका चटकन वर आला तरच मी त्याला बाजूला काढतो. माझ्या डझनात असा निघाला अकरा नंबर. वजन 45.33, रिंगमध्ये पास, दबणं भावंडांसारखं. काट्यानं ज्याला शंभर टक्के दिले त्याला बादलीनं नापास केलं. आणि हलका सात नंबर बादलीत कुठेही वळवा, शांत.

शहाबादी फरशीवर बॉल टाकून उसळी बघणाऱ्यांनी एवढंच करावं: करमणूक म्हणून बघावी. दोन मीटरवरून पडलेला बॉल सेकंदाला सहा-साडेसहा मीटर वेगानं आपटतो, ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याचा क्लब, त्याला चाळीसच्या वर वेगानं भेटतो. तिकडचं इकडे लागू होत नाही.

मारून बघताना

हरभरा काढल्यावर पैठण रोडला मित्राच्या रानात आम्ही जातो. तिथली चूक ठरलेली: आधी एका कंपनीचे दहा मारायचे, मग दुसरीचे दहा. तोवर वारा फिरतो, अंग गरम होतं किंवा थकतं, आणि पाचव्या चहानंतर दुसरी कंपनी 'लांब जाते' असा निकाल लागतो. आलटून पालटून मारा, आणि कुठला बॉल ठेवला ते मित्राला बघू द्या, तुम्ही बघू नका. क्लबच्या तोंडावर टाल्कम पावडरचा हलका हात फिरवा, म्हणजे बॉल कुठे लागला त्याचा ठसा दिसतो. मधोमध न लागलेला फटका मोजणीतून काढा. मी एकाच बॉलला सात नंबरच्या आयर्ननं (हा क्लबचा नंबर, बॉलचा नव्हे) दहा फटके मारले तेव्हा माझाच विखुरलेपणा बॉलांतल्या फरकापेक्षा कितीतरी जास्त निघाला. काळ्या मातीत बॉल कधी रुततो, कधी ढेकळावरून उडतो, म्हणून टप्पा पडला ती जागा मोजा, बॉल थांबला ती नव्हे.

खरेदीतल्या दोन गोष्टी घाईत सांगतो. ऑनलाइन 'सॉफ्ट गोल्फ बॉल' शोधलं की स्पंजचे सरावाचे बॉलही येतात. फोटोत फरक कळत नाही. मी एकदा मागवले, खोकं उचललं तेव्हा रिकामंच वाटलं. वजन आणि 'टू-पीस' (गाभा आणि कवच असे दोन भाग) हा शब्द वाचल्याशिवाय पैसे भरू नका. दुसरं, फार स्वस्तात 'नवा' बॉल मिळाला तर नीट निरखा. तळ्यातून काढून वर रंग मारलेला असेल तर खळग्यांच्या कडा बोथट दिसतात, छापील अक्षरं जाडसर, आणि वजन-व्यासाचे सगळे आकडे त्या रंगासकट येतात. असे बॉल तपासून कंपनीला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

आणि बॉल गाडीच्या डिकीत ठेवू नका. मे महिन्यात आपल्याकडे बाहेरच चाळीस-बेचाळीस, बंद डिकीत किती होत असेल ते पार्किंगमधून स्टीअरिंगला हात लावलेल्याला विचारा. एकाच डझनातले सहा घरात आणि सहा डिकीत असतील तर तुम्ही आता दोन वेगवेगळे डझन तपासताय.

अकरा नंबर जाळीत मार खातो. सात नंबर त्या सराफ दोस्तानं ठेवून घेतला, बिलांवर वजन म्हणून. सकाळी दुकान उघडलं की गंमत म्हणून तो आधी त्यालाच काट्यावर ठेवतो, 44.71 दिसलं की मग शटर पूर्ण वर करतो.