आंतरराष्ट्रीय व्यवसायाची पदव्युत्तर पदवी : नाशिकच्या विद्यार्थ्याने अभ्यास कसा करावा

आंतरराष्ट्रीय व्यवसाय या विषयात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे ठरवले की पहिला प्रश्न प्रवेशाचा येतो आणि अनेकांचे वर्ष त्यातच निघून जाते. तो भाग आधी उरकून टाकतो. दिल्लीच्या भारतीय विदेश व्यापार संस्थेची स्थापना १९६३ सालची. तिच्या दोन वर्षांच्या एमबीएसाठी पूर्वी वेगळी परीक्षा होती, आता कॅट या व्यवस्थापन प्रवेशपरीक्षेचे गुण धरतात. पुण्याच्या सिंबायोसिस इन्स्टिट्यूट ऑफ इंटरनॅशनल बिझनेससाठी स्नॅप ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. राज्यातील बहुतेक महाविद्यालयांतील एमबीएचा प्रवेश राज्य सरकारच्या सीईटी कक्षाच्या प्रवेशपरीक्षेवर होतो आणि त्यासाठी पदवीला किमान ५० टक्के, तर राज्यातील राखीव प्रवर्गांना ४५ टक्के गुण लागतात. मात्र प्रत्येक महाविद्यालयात हे विशेषीकरण असतेच असे नाही, त्यामुळे पसंतीक्रम भरण्यापूर्वी त्या महाविद्यालयाचा अभ्यासक्रम स्वतः वाचून पाहावा. माहितीपत्रकावरील विमानाचे चित्र पाहून निर्णय घेऊ नये.

परदेशी जायचे असल्यास ब्रिटनमधील एमएससी साधारण एका वर्षाची असते. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नसते, पण बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना प्रत्येक सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. आपली तीन वर्षांची बीकॉम तिथे पुरेशी धरली जाईल का, हे विद्यापीठागणिक बदलते; ते आधी लेखी विचारून घ्यावे.

खरा प्रश्न प्रवेशानंतरचा आहे. या अभ्यासक्रमात परकीय चलन, व्यापारधोरण, मालवाहतूक, विपणन आणि करारकायदा असे एकमेकांशी न जुळणारे वाटणारे विषय एकाच सत्रात समोर येतात, आणि ते सुटे सुटे पाठ केले तर परीक्षेनंतर महिनाभरही टिकत नाहीत. त्यावर मला सापडलेला उपाय असा, की एकच माल निवडावा आणि दोन्ही वर्षे प्रत्येक विषय त्या मालावर घासून पाहावा. नाशिककराला हा माल शोधत फिरावे लागत नाही. निफाड किंवा दिंडोरी तालुक्यातील पॅकहाऊसमधून न्हावा शेवा बंदराकडे आणि तिथून रॉटरडॅमकडे निघालेला द्राक्षांचा एक रीफर, म्हणजे शीत, कंटेनर डोळ्यांसमोर ठेवला, तर निम्म्याहून अधिक अभ्यासक्रम त्यात मावतो.

इन्कोटर्म्सचेच, म्हणजे मालाचा खर्च व जोखीम विक्रेत्याकडून खरेदीदाराकडे कुठे जाते हे ठरवणाऱ्या अटींचेच पाहा. आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाच्या २०२० च्या नियमावलीत एकूण ११ अटी आहेत आणि त्या तक्ता करून पाठ करण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. त्याऐवजी कंटेनरच्या प्रवासातील प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारावा : आत्ता रीफरचे तापमान बिघडून द्राक्षे खराब झाली, तर नुकसान कोणाचे? सीआयएफ (किंमत, विमा व भाडे) करारात माल उतरण्याच्या बंदरापर्यंतचे भाडे आणि विमा विक्रेता भरतो, तरी जोखीम मात्र माल जहाजावर चढताच खरेदीदाराकडे जाते, हा विद्यार्थ्यांना हमखास चकवणारा मुद्दा अशाने एकदाच समजतो आणि पुन्हा विसरत नाही. पुढची गंमत अशी, की बाजारात सगळे सर्रास एफओबी, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंत जोखीम विक्रेत्याची, असे म्हणतात. पण कंटेनर टर्मिनलवर सोपवला जातो आणि जहाजावर नंतर चढतो, म्हणून अशा मालासाठी एफसीए, म्हणजे माल वाहतूकदाराकडे सोपवताच जोखीम खरेदीदाराकडे, ही अट अधिक योग्य, असे मंडळच सांगते. तोंडी परीक्षेत हे कारणासह सांगता आले, तर समोरच्याला तुम्ही विषय वाचला आहे की पाहिला आहे, ते लगेच कळते.

पतपत्राचा, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेने दिलेल्या पैशांच्या हमीचा (लेटर ऑफ क्रेडिट), नियमही तसाच. पतपत्रांच्या यूसीपी ६०० या आंतरराष्ट्रीय नियमावलीनुसार बँक मालाशी नव्हे, फक्त कागदपत्रांशी व्यवहार करते. द्राक्षे उत्तम असूनही बिल ऑफ लेडिंगवरील (जहाज कंपनीने दिलेल्या माल-पावतीवरील) तारीख पतपत्रातील मुदतीनंतरची असेल, तर बँक पैसे नाकारू शकते. त्यामुळे शिपिंग बिल (सीमाशुल्क विभागाकडे द्यायचा निर्यात-अर्ज), वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र, बीजक आणि पॅकिंग लिस्ट यांचे नमुने मिळवून, नाव, वजन व तारखा एकमेकांशी ताडून पाहण्याचा सराव करावा. ओळखीच्या सीएचएकडे, म्हणजे सीमाशुल्काची कामे करणाऱ्या दलालाकडे, द्राक्षांच्या हंगामात, म्हणजे जानेवारी ते एप्रिल या काळात, आठवडाभर बसायला मिळाले तर फारच उत्तम. फक्त त्या दिवसांत त्यांना प्रश्न विचारायचे ते जेवणाच्या सुट्टीत.

चलनाचा धडा गणिताने शिकावा. २०,००० युरोचे बीजक आहे आणि पैसे येईपर्यंत युरो दोन रुपयांनी घसरला, तर ४०,००० रुपये गेले. मग पुढच्या तारखेचा विनिमय दर आजच ठरवून ठेवणारा फॉरवर्ड करार कशासाठी करतात हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

व्यापारधोरणासाठी मात्र द्राक्षे सोडून कांद्याकडे वळावे, कारण लासलगावइतकी चांगली प्रयोगशाळा दुसरीकडे क्वचितच मिळेल. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले, ८ डिसेंबरला निर्यातबंदी आली, मे २०२४ मध्ये ती उठली पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क राहिले, सप्टेंबरमध्ये किमान मूल्य हटून शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही गेले. हा क्रम वहीत लिहून प्रत्येक निर्णयासमोर तो कोणी काढला हे नोंदवावे : बंदी आणि किमान मूल्य विदेश व्यापार महासंचालनालयाच्या अधिसूचनेने येते, शुल्क अर्थ मंत्रालयाच्या. वर्तमानपत्रात हा फरक सहसा पुसला जातो, आणि निर्यातदाराला तर दोन्ही कागद वाचावे लागतात. अधिसूचना मूळ भाषेतच वाचण्याची सवय लावावी. पहिल्या चार-पाच कंटाळवाण्या वाटतात, नंतर त्यांची रचना ओळखीची होते.

शेवटच्या सत्रातील प्रकल्पासाठी ‘भारताची कृषी निर्यात’ असा अवाढव्य विषय घेऊ नये. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलींची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे युरोपात भारतीय द्राक्षे अडली, त्यानंतर आपल्या तालुक्यातील एका पॅकहाऊसने तपासणीची पद्धत कशी बदलली, एवढाच प्रश्न घेतला तरी सत्तर पाने सहज भरतात. त्यासाठी बागायतदारांशी भेटीच्या वेळा छाटणीच्या धावपळीपूर्वी, म्हणजे ऑगस्टमध्येच, ठरवून घ्याव्यात.